घड्याळ बरोबर, जग जलद

माझी आई शिवणकाम करायची. बाळापुरात मन नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत पायाची मशीन होती आणि तिच्यावर भिंतीला किल्लीचं घड्याळ. मी आठ-नऊ वर्षांची असेन. दिवेलागणीची वेळ होती. मी पाटी घेऊन कोपऱ्यात बसले होते आणि एकाएकी मशीनचा आवाज बदलला. कोणीतरी रागाने, दात-ओठ खात मशीन हाणतंय असं वाटायला लागलं. आईचे हात भराभर चालले होते. बाहेर दोन बाया बोलत होत्या, त्या भांडतायत असं वाटत होतं. मी स्वतःची मान वळवली तर ती झटका बसल्यासारखी वळली. मी घाबरून आईच्या पायाकडे पाहिलं. पाय रोजच्याच लयीत वर-खाली होत होता. मग घड्याळाकडे पाहिलं. लंबकही रोजच्यासारखाच हलत होता, पण मला तो घाईत दिसत होता. हे दोन्ही मला एकाच वेळी कळत होतं, आणि भीती त्याचीच होती.

पाच-सात मिनिटांत सगळं ओसरलं. मी रडत सांगितलं, "माय, तू रागात शिवून राह्यली." आई म्हणाली, "कोनी रागावलं नाई तुह्यावर." त्या रात्री माझी दृष्ट काढली गेली. पुढे वर्ग चालू असताना असंच झालं तेव्हा मी कानांवर हात ठेवले, आणि शिकवलेलं ऐकायचं नाही म्हणून छडी खाल्ली. मग मी हे सांगायचं सोडून दिलं. पंधरा-सोळाव्या वर्षी हे प्रसंग विरळ झाले. आता वर्षा-दोन वर्षांत एखादा येतो, बहुतेक वेळा ताप असला किंवा झोप अपुरी झाली की.

हा लेख माझ्या प्रकृतीवर नाही, मराठी साहित्यावर आणि समीक्षेवर आहे. पण एवढं आधी सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा मांडता आला नसता.

इंग्रजीत या अनुभवाला बोलीभाषेत 'फास्ट फीलिंग' म्हणतात. 'टॅकीसेन्शिया' असं एक नावही अलीकडे चालतं. हालचाली भराभर होतायत, आवाज मोठे आणि तातडीचे वाटतायत, आणि हे खरं नाही हेही माणसाला कळतंय, असं त्याचं सर्वसाधारण रूप. 'ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम' नावाच्या मोठ्या गटाशी त्याचं नातं जोडलं जातं. जॉन टॉड या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९५५ साली ते नाव दिलं. त्यात वस्तू लहान-मोठ्या दिसणं, आपलं शरीर ताणलं गेल्यासारखं वाटणं आणि काळाची गती बदलल्यासारखी वाटणं अशा गोष्टी येतात. अर्धशिशी, काही विषाणूजन्य ताप आणि अपस्मार यांच्याशी संबंध आढळतो. मुलांमध्ये बहुधा तो निरुपद्रवी असतो आणि वयाबरोबर जातो. मात्र मोठेपणी पहिल्यांदाच सुरू झालं, किंवा सोबत शुद्ध हरपणं, हातपाय झटकणं असं काही असलं, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं. हे सांगणं माझं काम नाही, पण लेख छापला जातो तेव्हा तो कोणाच्याही हातात पडतो.

मी पोस्टाच्या आवर्ती ठेवींची एजंट आहे. गेली पंचवीस वर्षं दर महिन्याला त्याच घरांत जाते, ओट्यावर बसते, चहा पिते. शिक्षण बारावीपर्यंत, बाकी जे वाचलं ते अकोल्याच्या ग्रंथालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून. जिथे ओळख पक्की आहे तिथे मी हळूच विचारत गेले: लहानपणी कधी सगळं जोरजोरात होतंय असं वाटायचं का? बहुतेकांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. काहींचा चेहरा मात्र बदलला. एका शाळामास्तरीण बाईंनी मला आत नेऊन दार लावून घेतलं. त्यांना ताप आला की आईच्या बांगड्यांचा आवाज असाच व्हायचा. "मी कोणाला सांगितलं नाही, वेडी समजले असते," त्या म्हणाल्या. त्या मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या. कादंबऱ्यांनी कपाट भरलेलं. मी विचारलं, "या कपाटात कुठे सापडलं का हे?" त्यांनी बराच विचार केला आणि नाही म्हणाल्या.

हा प्रश्न मी मग स्वतःच हाती घेतला. मराठी माणसाला काळाविषयी बोलायला शब्दांची वाण नाही. पण आपलं सगळं बोलणं काळाच्या लांबीविषयी असतं. क्षणात युग गेलं किंवा युग क्षणासारखं गेलं, एवढ्यातच आपण फिरतो. काळाचा वेग, म्हणजे तीच पाच मिनिटं पाच मिनिटंच राहून आतून धावत सुटणं, याची नोंद आपण ठेवलेली नाही.

कीर्तनात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट घ्या. नारदाने पाण्यात बुडी मारली आणि वर आला तो बाई होऊन. संसार झाला, साठ मुलं झाली. तीच साठ संवत्सरं, प्रभवापासून क्षयापर्यंत, जी आजही पंचांगात छापली जातात. 'नारदाची नारदी' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. एका बुडीच्या अवधीत संबंध कालचक्र प्रसवणारी ही कल्पना मला फार मोठी वाटते. पण त्यात नारद स्वतःला विसरलेला आहे. 'योगवासिष्ठा'तल्या लवण राजाचंही तेच. दरबारात इंद्रजाली येऊन मोरपिसांचा कुंचा फिरवतो, राजा सिंहासनावर निश्चल होतो आणि थोड्या वेळात एक संपूर्ण, हालअपेष्टांचं आयुष्य जगून परत येतो. त्या आयुष्यात असताना आपण राजा आहोत याचं भान त्याला नाही.

माझ्या अनुभवाचा कणा नेमका इथे आहे. मला विसर पडला नव्हता. आईचा पाय बरोबर चालला होता हे मला दिसत होतं. दोन साक्षीदार एकाच वेळी एकाच खोलीत उभे होते आणि त्यांच्या जबान्या जुळत नव्हत्या. या दुहेरी साक्षीची कसोटी लावून मी साहित्य वाचायला लागले. कसोटी माझी आहे, कोणाकडून घेतलेली नाही, त्यामुळे ती चुकली तर दोषही माझाच.

लवण राजाच्या कथेत पुढे एक गोष्ट घडते. दुसऱ्या दिवशी राजा त्या आयुष्यातल्या मुलुखाचा शोध घ्यायला निघतो आणि तिथे त्याला ती माणसं खरोखर सापडतात. म्हणजे कथेला पुरावा हवासा वाटला. आता यापासून कित्येक शतकं पुढे जाऊन जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' पाहा. ट्रकचा धक्का बसतो, गंगाधरपंत अशा जगात जातात जिथे पानिपत मराठे जिंकले आहेत. परत आल्यावर हरवलेल्या दोन दिवसांचा हिशेब लागत नाही, पण खिशात बखरीचं फाटलेलं पान असतं. मला ही कथा आवडते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मी ती आवर्जून वाचायला देते. पण लवण राजाचा मुलूख आणि गंगाधरपंतांचं पान हे एकाच कामाला ठेवलेले आहेत. बाहेरचा पुरावा मिळाला की अनुभवाला मान मिळतो. पुरावा नसेल तर तो भ्रम. माझ्या प्रसंगात तर पुरावा माझ्याविरुद्धच होता: घड्याळ बरोबर होतं. अशा माणसाला या दोन्ही कथांच्या दरबारात उभं राहायला जागा नाही.

बा. सी. मर्ढेकरांकडून मला सर्वांत जास्त अपेक्षा होती. 'रात्रीचा दिवस' ही त्यांची १९४२ ची कादंबरी, मराठीतल्या संज्ञाप्रवाही लेखनाचा पहिला ठळक प्रयत्न. नावच बघा. ती मी तीनदा वाचली, पहिल्यांदा तर शब्दकोश मांडीवर घेऊन. मनात विचार कसे एकमेकांवर आदळत धावतात ते मर्ढेकरांनी पकडलंय. तरी माझं समाधान झालं नाही, आणि त्याचं कारण कळायला मला बरीच वर्षं लागली. वेग हा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. रेल्वेच्या डब्यात खिडकी लावून घेतली की गाडी पळते की रांगते हे कळत नाही. मर्ढेकर मनाच्या आत शिरले आणि खिडकी लावून घेतली. आत सगळंच वाहतंय, त्यामुळे कशाचा वेग बिघडलाय हे मोजायला काठावर खुंटी नाही. खेदाची गोष्ट अशी की ही खुंटी मर्ढेकरांच्याच दुसऱ्या हातात होती. 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये त्यांनी लयीचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या तीन नियमांनी केला. आईचा पाय आणि मला ऐकू येणारी मशीन यांच्यातलं नातं शुद्ध विरोधलयीचं होतं. त्या सिद्धान्तावर आपल्याकडे खूप लिहिलं गेलं, बहुतेक सगळं भावनेविषयी. ताप आलेल्या मुलाच्या कानाला तो लावून पाहावा असं कोणाला सुचलं नाही.

परभाषेतही वेगळं चित्र नाही. एच. जी. वेल्सच्या १९०१ सालच्या 'द न्यू ॲक्सिलरेटर' या कथेत औषध घेतल्यावर माणूस खरोखरच हजारपट वेगाने जगू लागतो आणि भोवतालचं जग थिजल्यासारखं दिसतं. गंमत आहे, पण तिथेही वेग खराच. याच कथेचा आधार घेत ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञाने २००४ साली 'स्पीड' नावाचा निबंध लिहिला. त्यात एक रुग्ण आहे. तो हात अर्धवट उचलून तासन्‌तास गोठल्यासारखा बसलेला दिसायचा. सॅक्सने विचारलं तर तो म्हणाला, मी नाक पुसत होतो. त्याच्या दृष्टीने ती साधी, नेहमीच्या वेगाची हालचाल होती. म्हणजे घड्याळाशी त्याची फारकत झाली होती आणि त्याला पत्ता नव्हता. याच्या उलट उदाहरण १९९६ साली जर्मन डॉक्टरांनी नोंदवलं. मेंदूच्या पुढच्या डाव्या भागात गाठ झालेला ६६ वर्षांचा एक गृहस्थ गाडी चालवत असताना समोरचं सगळं अंगावर धावून यायला लागलं. त्याने गाडी थांबवली. नंतर त्याला साठ सेकंद झाले की सांगायला सांगितलं तेव्हा त्याने सरासरी २८६ सेकंद घेतले. पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. त्याने गाडी थांबवली. रस्ता वेडा झालेला नाही, बिघाड आपल्यात आहे, हे त्याला कळलं होतं. ही दुहेरी साक्ष मला अखेर एका वैद्यकीय टिपणात सापडली.

गाडीचा विषय निघाला म्हणून थोडं आडवाटेला जाते. बाळापूर हे पूर्वीपासून रस्त्यावरचं गाव. धुळे-नागपूर महामार्ग गावावरून जातो आणि घरटी एकजण तरी ट्रकवर असतो. आता दक्षिणेकडे बुलढाणा-वाशीममधून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, कारला ताशी १२० ची मर्यादा, म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा खुला झाल्यानंतर अपघात होत गेले तशी वर्तमानपत्रांनी 'महामार्ग संमोहन' ही जोडी रुजवली. ते माझ्या प्रसंगांच्या उलट आहे. तिथे वेग खरा असतो आणि जाणवत नाही. बराच वेळ वेगात राहिल्यावर साठचा वेग रांगण्यासारखा वाटतो, आणि माणूस वळणावर त्याच भरवशाने शिरतो. आमच्या गल्लीतला एक ड्रायव्हर मला म्हणाला, "ताई, समृद्धीवर टाइम समजतच नाई, नुसता रस्ता येऊन राह्यते." ज्या वऱ्हाडाने शकुंतला गाडीच्या संथपणावर पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले, त्या वऱ्हाडाला वेगाविषयी बोलायला आता नवी भाषा लागते आहे. ती ड्रायव्हरांच्या तोंडी तयार होतेय. साहित्यात ती यायची आहे.

आता मुख्य मुद्दा. या अनुभवाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द मराठीत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पडून आहे आणि तो प्रत्येक मराठीच्या विद्यार्थ्याला माहीत आहे: 'झपूर्झा'. केशवसुतांची ही कविता १८९३ सालची. माहीत असलेल्या जगाच्या पल्याड जाणाऱ्यांची, देहभान हरपलेली अवस्था, असा तिचा अर्थ आपण शिकलो. गूढगुंजन, प्रतिभेची समाधी वगैरे. कवितेचा अर्थ तोच आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद शब्दाविषयी आहे. मुली खेळताना 'जा पोरी जा' हे शब्द इतक्या झपाट्याने म्हणतात की ऐकणाऱ्याला 'झपूर्झा' असं ऐकू येतं, त्यातून हा शब्द घडला, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत येते. शिक्षक ती वाचतात आणि लगेच समाधीकडे वळतात.

त्या एका ओळीत थांबून बघावं. हा शब्द वेगातून जन्मलेला आहे. आणि त्यात माणसं दोन आहेत. खेळणाऱ्या पोरीला आपण 'जा पोरी जा' म्हणतोय हे पक्कं माहीत आहे. तिच्यासाठी शब्द शाबूत आहेत. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र त्यांचा लगदा होऊन तिसरंच काही उमटतं. ज्याला खेळ माहीत आहे अशा ऐकणाऱ्याला दोन्ही एकदम ऐकू येतं: तो लगदाही आणि त्याखालचे तीन शब्दही. मशीनच्या त्या संध्याकाळी मला जे झालं त्याचं याहून नेमकं वर्णन मला मराठीत कुठे सापडलेलं नाही. केशवसुतांनी हा शब्द देहभान हरपण्यासाठी वापरला, ती त्यांची गरज होती. पण शब्द स्वतः देहाचा आहे. जिभेचा, टाळूचा, कानाचा. समीक्षेने त्याला अंगणातून उचलून थेट आकाशात ठेवलं, आणि अंगणातल्या पोरींना काय होत होतं ते विचारलंच नाही.

मी हे अंगणात खेळलेली बाई म्हणून सांगते. आमच्या वऱ्हाडात भोंडला नाही, भुलाबाई असते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघरी गाणी. शेवटच्या गाण्यापर्यंत खिरापतीची इतकी घाई झालेली असते की शब्दांचं पीठ होतं. मागच्या वर्षी गल्लीतल्या पोरींना गोळा करून मी 'जा पोरी जा' भरभर म्हणायला लावलं. 'झपूर्झा' काही निघालं नाही. 'जप्पोज्जा' निघालं, आणि पोरी हसून लोळल्या. कोकणातली जीभ वेगळी, आमची वेगळी. व्युत्पत्तीवर त्याने काही शिक्कामोर्तब होत नाही. पण एक दिसलं: म्हणणाऱ्या कोणत्याच पोरीला आपण 'जप्पोज्जा' म्हणतोय असं वाटत नव्हतं.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी 'झपूर्झा' वर लिहिलं होतं आणि केशवसुतांना स्वतःलाच असे प्रसंग येत असावेत असं सुचवलं होतं. लेख कौतुकाने वाचला गेला, पत्रं आली. तो मुद्दा मी मागे घेते. त्याला काहीही आधार नव्हता. मला एकटं वाटत होतं आणि सोबतीला एक मोठा कवी हवा होता, एवढंच. टॉडनेही तसंच काहीसं केलं होतं: लुईस कॅरलला अर्धशिशी होती, म्हणून ॲलिसचं लहान-मोठं होणं त्याच्या दुखण्यातून आलं असेल, असा तर्क त्याने मांडला. तेव्हापासून लोक कॅरलला तपासायला बसलेत आणि पुस्तक बाजूला राहिलंय. कवीला रुग्ण करणं ही समाधीची दुसरी बाजू आहे. दोन्हींत शब्दाकडे बघायचं टळतं.

तर मग कसं लिहिलं जावं? याचं उत्तर समीक्षकाने द्यायचं नसतं, पण एक अट सांगता येईल. अशा प्रसंगाची हकिगत बहुतेक वेळा नंतर सांगितली जाते, आणि नंतरचं सांगणं काळ लांबवतं. डेव्हिड ईगलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना ३१ मीटरवरून खाली जाळ्यात पडू दिलं. आपलं पडणं किती वेळ चाललं याचा अंदाज सगळ्यांनी सरासरी ३६ टक्क्यांनी जास्त सांगितला. मात्र पडत असताना मनगटावर झरझर बदलणारे आकडे काही त्यांना नेहमीपेक्षा जास्त स्पष्ट दिसले नाहीत. भीतीच्या क्षणी काळ मंदावत नाही, आठवण दाट होते, असा निष्कर्ष निघाला. आपल्या कथांतले 'काळ थांबला' छापाचे सगळे अपघात, सगळे मृत्यू या आठवणीच्या बाजूचे आहेत. वेगाचा प्रसंग लिहायचा तर खोलीत घड्याळ हवं, आणि ते बरोबर चालताना दिसायला हवं.

मास्तरीण बाईंनी गेल्या महिन्यात मला बोलावलं. हप्ता आधीच भरला होता. त्यांची नात सुट्टीत आली होती, सात वर्षांची. तिने आजीला सांगितलं होतं, पंखा चिडलाय. बाईंनी दृष्ट काढली नाही. तिला विचारलं, पंखा खरंच जोरात फिरतोय का? नात म्हणाली, "नाही, बटण दोनवरच आहे. पण चिडलाय." बाईंनी ते वाक्य तारखेसह हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं होतं. मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेले.